ऑटो-फॉरमॅटिंग नेमकं कधी चालवायचं: सेव्ह करताना, कमिटच्या वेळी, सीआयमध्ये की मर्ज झाल्यावर?

प्रश्न थोडक्यात असा: आठ जणांची टीम, एकाच रिपॉझिटरीत (गिट या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनातल्या कोडच्या साठ्यात) टाइपस्क्रिप्टचं फ्रंटएंड आणि पायथनचं बॅकएंड, कोड तीन-चार वर्षं जुना आणि आजवर ज्याने त्याने आपापल्या सवयीने लिहिलेला. आता कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारे फॉरमॅटर, म्हणजे टाइपस्क्रिप्टसाठी प्रेटियर आणि पायथनसाठी ब्लॅक, आणायचं ठरलंय. ते चालवायचं कधी? एडिटरमध्ये सेव्ह करताना, कमिटच्या वेळी (बदल गिटमध्ये नोंदवताना), सीआयमध्ये (कोड सर्व्हरवर पाठवल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत), की रात्री एखाद्या बॉटने सगळ्या कोडवर एकदम?

आधी उत्तर, मग कारणं. फॉरमॅटिंग कमिट तयार होण्याआधी व्हायला हवं, आणि ते ज्याने कोड लिहिला त्याच्याच मशीनवर. सेव्ह करताना झालं तर उत्तम. तिथे राहून गेलं तर कमिटच्या हुकने (कमिट होण्याआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने) पकडायचं. सीआयने फक्त तपासायचं आणि चुकलं असेल तर बिल्ड पाडायचं (म्हणजे नापास करायचं), कोडला हात लावायचा नाही. रात्रीचा बॉट नकोच. जुन्या कोडचं पहिलं सरसकट फॉरमॅटिंग मात्र या रोजच्या व्यवस्थेत बसत नाही. ते वेगळं, एकदाच करायचं काम आहे आणि खरी डोकेदुखी तिथेच असते.

वेळेला एवढं महत्त्व का, हे एका ओळीवर बघू. मेन ब्रँचवर (कोडच्या सगळ्यांच्या सामाईक शाखेवर) एक फंक्शन कॉल आहे, तीन आर्ग्युमेंट्स, सगळं एका ओळीत, लांबी ९५ अक्षरं. ब्लॅकची मूळ मर्यादा ८८ अक्षरांची. त्यामुळे ब्लॅक चालवलं की त्या एका ओळीच्या तीन होतात: कंस उघडणारी, आर्ग्युमेंट्सची आणि कंस बंद करणारी. दरम्यान तुमच्या सहकाऱ्याने स्वतःच्या ब्रँचवर त्याच जुन्या ओळीत टाइमआउट ३० चा ६० केला. आता मर्ज करताना (दोन ब्रँचेस एकत्र करताना) गिटला दिसतं एवढंच, की एकाच जागी दोघांनी बदल केलाय. गिटला कोडचा अर्थ कळत नाही, ओळी कळतात. झाला कॉन्फ्लिक्ट, आणि तोही ज्यात मुळात काही वादच नाही असा. फॉरमॅट न झालेला कोड मेनवर जितके दिवस राहील तितक्या जास्त ब्रँचेस त्या जुन्या ओळींवर उभ्या राहतात, आणि पुढे फॉरमॅट करताना त्या सगळ्यांना फटका बसतो. म्हणून कोड जन्मल्याबरोबर फॉरमॅट झालेला बरा. खाली जे काही सांगितलंय ते सगळं यातूनच निघतं.

सेव्ह करतानाचं फॉरमॅटिंग सगळ्यात सुखाचं, कारण लिहिणाऱ्याला बदल डोळ्यांसमोर दिसतो. व्हीएस कोड वापरत असाल तर सेटिंग्जची फाईल रिपॉझिटरीतच ठेवा. त्यात 'फॉरमॅट ऑन सेव्ह' चालू करा आणि प्रत्येक भाषेला डीफॉल्ट फॉरमॅटर नावानिशी लिहा. फॉरमॅटर लिहिला नाही तर एकाचा प्रेटियर चालतो आणि दुसऱ्याचा एडिटरचा स्वतःचा टाइपस्क्रिप्ट फॉरमॅटर, आणि मग दोघांच्या सेव्हमध्ये त्याच ओळी इकडून तिकडे उड्या मारत राहतात. प्रेटियरचं एक्स्टेंशन प्रोजेक्टमध्ये प्रेटियर इन्स्टॉल असेल तर तीच आवृत्ती वापरतं, नसेल तर स्वतःबरोबर आलेली. त्यामुळे डिपेंडन्सीज (प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस) इन्स्टॉल न करता 'जरा एक फाईल बघतो' म्हणून उघडली आणि सेव्ह केली, तरी आउटपुट वेगळं येऊ शकतं.

पण सेव्हवर भिस्त ठेवता येत नाही. कोणी पायचार्म वापरतो, कोणी व्हिम, कोणी गिटहबच्या वेबपेजवरच टायपो दुरुस्त करतो. सगळ्यांनी एकच एडिटर वापरावा हा आग्रह धरू नका, त्यातून फक्त कटकटी होतात. आणि एक सावधगिरी: जुना कोड एकदा पूर्ण फॉरमॅट होईपर्यंत सेव्हवरचं फॉरमॅटिंग बंद ठेवा. नाहीतर ४०० ओळींच्या फाईलमध्ये एक ओळ बदलली आणि सेव्ह केलं, की रिव्ह्यू करणाऱ्यापुढे २५० ओळींचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) येतो आणि खरा बदल त्यात शोधत बसावा लागतो. व्हीएस कोडमध्ये फक्त बदललेला भाग फॉरमॅट करण्याचा पर्याय आहे, पण तो त्या भाषेच्या फॉरमॅटरला तुकड्याचं फॉरमॅटिंग येत असेल तरच चालतो.

आता कमिटचा हुक. तो बसवायला तयार साधनं आहेत: पायथनच्या बाजूला प्री-कमिट, जावास्क्रिप्टच्या बाजूला हस्की आणि लिंट-स्टेज्ड ही रुळलेली जोडी. तुमच्याकडे दोन्ही भाषा एकाच रिपॉझिटरीत आहेत, तर यातली एकच व्यवस्था निवडा आणि दुसऱ्या भाषेचा फॉरमॅटर तिच्यातूनच बोलवा. हस्की आणि प्री-कमिट दोघंही गिटच्या त्याच हुकवर हक्क सांगतात. हस्की हुकचा फोल्डरच बदलतं, आणि तसं असताना प्री-कमिट इन्स्टॉल व्हायला नकार देतं.

हुक घरी लिहू नका, यासाठी एक कारण पुरेसं आहे. घरगुती स्क्रिप्ट साधारण अशी असते: स्टेज केलेल्या (पुढच्या कमिटसाठी निवडलेल्या) फाईल्सची यादी काढा, त्यांवर फॉरमॅटर चालवा, पुन्हा 'गिट ॲड' करा. आता कोणी पॅच मोडने फाईलचा अर्धाच भाग स्टेज केला असेल, तर शेवटचं 'गिट ॲड' उरलेला अर्धवट भागही कमिटमध्ये ढकलतं. डीबगचे प्रिंट, कच्चा प्रयोग, सगळं. लिंट-स्टेज्ड आणि प्री-कमिट दोन्ही आधी स्टेज न केलेले बदल बाजूला ठेवतात, मग फॉरमॅटर चालवतात, मग ते परत आणतात. फॉरमॅटरचे बदल आणि बाजूला ठेवलेले बदल एकमेकांवर आदळले, तर फॉरमॅटरचे बदल सोडून देऊन तुमचं काम शाबूत ठेवतात. दोघांत फरक एवढाच, की लिंट-स्टेज्ड फॉरमॅट झालेलं स्वतः स्टेज करून कमिट पुढे नेतं, तर प्री-कमिट फाईल बदलली की कमिट थांबवतं आणि तुम्हाला पुन्हा 'ॲड' करायला लावतं. सुरुवातीला याचा राग येतो. पण काय बदललं ते एकदा नजरेखालून जातं, त्यामुळे मला प्री-कमिटचीच पद्धत जास्त पटते.

प्री-कमिटमध्ये ब्लॅक वापरताना हमखास फसवणारी जागा म्हणजे वगळलेल्या फाईल्स. ब्लॅकच्या कॉन्फिगमधली नेहमीची 'एक्स्क्लूड' यादी ब्लॅक स्वतः फोल्डर धुंडाळतं तेव्हाच लागू होते. प्री-कमिट मात्र फाईल्सची नावं थेट हातात देतं, आणि नावाने दिलेली फाईल ब्लॅक वगळत नाही. मग तुम्ही वगळलेल्या जनरेटेड (एखाद्या साधनाने आपोआप बनवलेल्या) फाईल्स कमिटच्या वेळी गुपचूप फॉरमॅट होतात. त्यासाठी 'फोर्स-एक्स्क्लूड' ही वेगळी सेटिंग आहे, ती वापरा. प्रेटियरला हा त्रास नाही. त्याची इग्नोर फाईल दोन्ही वेळा पाळली जाते.

हुकमध्ये फॉरमॅटर आणि फार तर इम्पोर्टची क्रमवारी, एवढंच ठेवा. टेस्ट आणि अख्ख्या प्रोजेक्टची टाइप-तपासणी तिथे घातली की कमिटला अर्धं मिनिट लागायला लागतं, आणि आठवड्याभरात सगळे 'नो-व्हेरिफाय' (हुक टाळण्याचा पर्याय) लावून कमिट करायला शिकतात. एकदा ती सवय लागली की हुक असून नसल्यासारखा. शिवाय हुक क्लोनबरोबर (रिपॉझिटरीची प्रत उतरवून घेताना) येत नाहीत, ते प्रत्येकाने आपल्या मशीनवर बसवावे लागतात. हस्की डिपेंडन्सीज इन्स्टॉल करताना आपोआप बसवता येतं. प्री-कमिटसाठी प्रोजेक्टच्या सेटअप स्क्रिप्टमध्ये ती आज्ञा घाला. दोन हत्यारं एकाच फाईलवर चालणार असतील तर क्रमही ठरवा: आधी ईएसलिंटचं (टाइपस्क्रिप्टमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाचं) ऑटो-फिक्स किंवा आयसॉर्ट (पायथनच्या इम्पोर्टची क्रमवारी लावणारं साधन), शेवटी फॉरमॅटर. आयसॉर्टला ब्लॅकचं प्रोफाइल द्या आणि ईएसलिंटमधले मांडणीचे नियम बंद करा, नाहीतर एकाने केलेलं दुसरा मोडतो आणि कमिट कधीच पुढे सरकत नाही.

हुक चुकवता येतो, म्हणून शेवटचा पहारा सीआयचा. प्रेटियर आणि ब्लॅक दोन्हींना 'चेक' पर्याय आहे: फाईल बदलत नाही, फक्त चूक असेल तर अपयशाचा कोड परत करतं. ब्लॅकला त्याबरोबर 'डिफ'ही मागा, म्हणजे लॉगमध्येच कळतं काय हवं होतं. ही तपासणी सगळ्यात आधी आणि वेगळ्या जॉबमध्ये ठेवा. वीस मिनिटांच्या टेस्टनंतर स्वल्पविरामासाठी बिल्ड पडलं की माणूस वैतागतो. अपयशाच्या मेसेजमध्ये दुरुस्तीची नेमकी आज्ञा लिहा. कोणी पुढे गो भाषेची सर्व्हिस आणलीच, तर लक्षात ठेवा: 'गोफमट'चा यादी देणारा पर्याय चुकीच्या फाईल्स सापडल्या तरी यशस्वी झाल्याचाच कोड परत करतो. यादी रिकामी आहे का, हे तुम्हालाच तपासावं लागतं. नाहीतर सीआय कायम हिरवं आणि कोड अस्ताव्यस्त.

मग सीआयनेच फॉरमॅट करून कमिट का टाकू नये? ऐकायला सोयीचं वाटतं, पण त्रास तीन. बॉटने तुमच्या ब्रँचवर कमिट टाकलं की तुमची लोकल ब्रँच मागे पडते. पुढचा पुश नाकारला जातो, आणि घाईत कोणीतरी फोर्स-पुश करतो, म्हणजे सर्व्हरवरचं पुसून आपलं लादतो. दुसरं, गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबच्या सीआय सेवेत) वर्कफ्लोला आपोआप मिळणाऱ्या टोकनने केलेला पुश नवीन वर्कफ्लो सुरू करत नाही. तसं मुद्दामच ठेवलंय, वर्कफ्लो स्वतःलाच बोलवत बसू नये म्हणून. परिणाम असा, की बॉटच्या कमिटवर टेस्ट चालतच नाहीत, आवश्यक तपासण्या वाट बघत लटकतात आणि पुल रिक्वेस्ट (आपली ब्रँच मेनमध्ये घेण्याची विनंती) मर्ज होत नाही. यावर वेगळं टोकन किंवा गिटहब ॲप हा उपाय आहे, पण मग लिहिण्याचे अधिकार असलेली आणखी एक किल्ली सांभाळायची. तिसरं, फोर्कमधून (दुसऱ्याने आपल्या खात्यात काढलेल्या प्रतीतून) आलेल्या पुल रिक्वेस्टवर ते टोकन फक्त वाचू शकतं. ज्या मुक्तस्रोत प्रोजेक्टमध्ये अनोळखी लोक एकेक दुरुस्ती पाठवतात आणि त्यांना हुक बसवायला सांगणं जड जातं, तिथे बॉट चालेल. तुमच्या आठ जणांना त्याची गरज नाही.

मर्जनंतर रात्री फॉरमॅट करणारा बॉट म्हणजे वरच्या ९५ अक्षरांच्या ओळीचा प्रसंग रोज सकाळी नव्याने. आदल्या दिवशी मर्ज झालेल्या कोडवर ज्यांनी संध्याकाळी ब्रँच काढली, त्या सगळ्यांच्या पायाखालच्या ओळी रातोरात बदललेल्या असतात. वर ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेत) नाव बॉटचं.

आवृत्ती पक्की बांधा, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. फॉरमॅटरची वेगळी आवृत्ती म्हणजे वेगळा फॉरमॅटर. प्रेटियरने २०२३ मध्ये ३.० काढताना शेवटच्या स्वल्पविरामाचा डीफॉल्ट बदलला. ज्यांनी तो पर्याय कॉन्फिगमध्ये लिहिला नव्हता त्यांच्या फंक्शन्सच्या आर्ग्युमेंट्सच्या यादीअखेर सगळीकडे स्वल्पविराम उगवले. ब्लॅक कॅलेंडर वर्षात आपली शैली बदलत नाही, पण जानेवारीतल्या नव्या आवृत्तीत बदल येतात. प्री-कमिट स्वतःच्या कॉन्फिगमध्ये ब्लॅकची आवृत्ती वेगळी लिहितं, ती पायथनच्या रिक्वायरमेंट्सपेक्षा निराळी असेल तर हुक एक म्हणतो आणि सीआय दुसरं. ब्लॅकच्या कॉन्फिगमध्ये 'रिक्वायर्ड-व्हर्जन' लिहून ठेवलं की चुकीची आवृत्ती चालायलाच नकार देते.

टीममध्ये विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर ओळीच्या शेवटाचं चिन्ह आधी निस्तरा. प्रेटियर २.० पासून एलएफ (मॅकचं चिन्ह) धरतं. विंडोजवर गिटने फाईल सीआरएलएफ (विंडोजचं चिन्ह) करून दिली तर 'चेक' प्रत्येक फाईलवर आक्षेप घेतो. गिट ॲट्रिब्यूट्सच्या फाईलमध्ये सगळ्या टेक्स्ट फाईल्सना एलएफ ठरवा, 'रीनॉर्मलाइझ' एकदा चालवा आणि ते वेगळं कमिट करा.

आता ते पहिलं मोठं फॉरमॅटिंग. दोन मार्ग असतात. जी फाईल हातात येईल ती फॉरमॅट करत जायची, किंवा सगळं एकदम. पहिला मार्ग लाखो ओळींच्या, डझनभर टीम्सच्या कोडला शोभतो. जावाच्या जगात स्पॉटलेस या फॉरमॅटिंगच्या साधनाला 'रॅचेट' ही सोय त्यासाठीच आहे, मेनपेक्षा बदललेल्या फाईल्सच ते तपासतं. आठ जणांच्या टीमने त्या भानगडीत पडू नये. वर्षभर प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये खरा बदल आणि फॉरमॅटिंग यांची खिचडी होत राहील. एकदम करा, पण दिवस निवडून.

दिवस कोणता? रिलीज नुकतीच झालेली आणि उघड्या पुल रिक्वेस्ट कमीत कमी. चार-पाच दिवस आधी तारीख जाहीर करा, म्हणजे संपत आलेल्या ब्रँचेस लोक मर्ज करून टाकतील. अर्धी टीम पुण्यात आणि अर्धी अमेरिकेत असेल तर सोमवारी सकाळची वेळ सोयीची. आपल्याकडे नऊ वाजतात तेव्हा तिकडे अजून रविवारची रात्र असते.

त्याआधी एकदा रंगीत तालीम करा: फेकून द्यायच्या ब्रँचवर सगळं फॉरमॅट करा आणि पूर्ण टाइप-तपासणी, लिंट, टेस्ट चालवा. ब्लॅक आधीच्या आणि नंतरच्या कोडचं सिंटॅक्स ट्री (कोडची व्याकरणाची रचना) जुळवून बघतं, त्यामुळे कोडचा अर्थ सहसा बिघडत नाही. बिघडतात त्या ओळीला चिकटलेल्या सूचना. टाइपस्क्रिप्टची 'टीएस-इग्नोर' कमेंट फक्त पुढच्या ओळीला लागू होते. पुढची ओळ लांब होती, प्रेटियरने तिच्या चार केल्या, आणि जी चूक दडपायची होती ती आता तिसऱ्या ओळीवर आहे. इग्नोर पहिल्या ओळीवर नजर ठेवून बसलाय आणि बिल्ड लाल. पायथनमधल्या 'नोक्यूए' आणि 'टाइप इग्नोर' या चूक दडपणाऱ्या कमेंट्सचंही तेच. तालमीत अशा जागा सापडतील. त्या मेनवर आधीच दुरुस्त करा. लांब एक्सप्रेशन एका व्हेरिएबलमध्ये काढलं की ओळ आखूड होते आणि तुटत नाही. स्नॅपशॉट (टेस्टने जपून ठेवलेलं आउटपुट), लॉक फाईल्स (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद), जनरेटेड कोड, बाहेरून आणलेल्या लायब्ररीज आणि टेस्टच्या नमुना फाईल्स वगळायच्या यादीत टाका. मार्कडाउनमध्ये ओळीअखेरच्या दोन स्पेस म्हणजे नवीन ओळ. एडिटरकॉन्फिगमध्ये (सगळ्या एडिटरच्या सामाईक सेटिंग्जच्या फाईलमध्ये) ओळीअखेरच्या स्पेस छाटायचं ठरवलं असेल तर मार्कडाउनला सूट द्या.

प्रत्यक्ष दिवशी दोन कमिट, वेगवेगळी. पहिलं 'अ': फक्त कॉन्फिग, पक्क्या आवृत्त्या आणि वगळायची यादी. दुसरं 'ब': फक्त फॉरमॅटरचं आउटपुट, त्यात हाताने केलेला एकही बदल नको. सीआयची तपासणी 'ब' आत गेल्यावर चालू करा. ही शिस्त कशासाठी, ते उघड्या ब्रँचेस वाचवताना कळतं.

ज्यांची ब्रँच अजून उघडी आहे त्यांनी असं करायचं. आपल्या ब्रँचमध्ये आधी फक्त 'अ' मर्ज करा. खरे कॉन्फ्लिक्ट असतील तर ते इथेच, जुन्या फॉरमॅटमध्ये सुटतात. डिपेंडन्सीज नव्याने इन्स्टॉल करा, अख्ख्या रिपॉझिटरीवर फॉरमॅटर चालवा आणि कमिट करा. आता तुमच्याकडे 'अ' अधिक तुमचे बदल, सगळं फॉरमॅट केलेलं आहे. मग 'ब' मर्ज करा, पण 'अवर्स' स्ट्रॅटेजीने. ही स्ट्रॅटेजी समोरच्याचा मजकूर अजिबात घेत नाही, फक्त इतिहासात मर्ज झाल्याची नोंद करते, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय, कारण 'ब'मध्ये जे आहे ते फॉरमॅटरने तुमच्याकडे आधीच करून ठेवलंय. शेवटी मेन नेहमीसारखं मर्ज करा. पुल रिक्वेस्टच्या डिफमध्ये फक्त तुमचे बदल उरतात. 'ब'मध्ये कोणी हाताने दुरुस्ती घुसडली असेल तर ती मात्र या पायरीत प्रत्येक ब्रँचवर मुकाट्याने पुसली जाते. आणि मर्जच्या आज्ञेत छोट्या एस-चा 'अवर्स' म्हणजे स्ट्रॅटेजी. मोठ्या एक्स-चा 'अवर्स' म्हणजे फक्त कॉन्फ्लिक्टपुरता आपला मजकूर. इथे पहिला हवा.

रिलीजच्या जुन्या ब्रँचला हॉटफिक्स (तातडीच्या दुरुस्त्या) जात असतील तर ती ब्रँचही फॉरमॅट करा, नाहीतर पुढची प्रत्येक चेरी-पिक (एकच कमिट दुसऱ्या ब्रँचवर उचलून आणणं) अडकेल. तिथे 'ब' चेरी-पिक करू नका; 'अ' आणा आणि फॉरमॅटर त्या ब्रँचवरच चालवा.

ब्लेमची काळजी गिटने २०१९ मध्येच मिटवलीय. २.२३ आवृत्तीपासून ठरावीक कमिट वगळून ब्लेम काढता येतं. रिपॉझिटरीच्या मुळाशी 'डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' नावाची फाईल ठेवा, त्यात 'ब'चा पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण) लिहा. आखूड केलेला चालत नाही. गिटहब ही फाईल स्वतःहून वाचतं. लोकल गिटला मात्र कॉन्फिगमध्ये तिचं नाव सांगावं लागतं, आणि ते त्या रिपॉझिटरीपुरतंच सांगा. ग्लोबल केलंत तर ज्या रिपॉझिटरीत ती फाईल नाही तिथे ब्लेम चूक दाखवून बंद पडतं. हॅश कधी लिहायचा, यातही मेख आहे. तुमच्याकडे पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून (सगळी कमिट एकात दाबून) मर्ज होत असतील तर मेनवर पडणारा हॅश ब्रँचवरच्या हॅशपेक्षा वेगळा असतो, शिवाय 'अ' आणि 'ब' एकाच कमिटमध्ये मिसळून जातात. म्हणून त्या दोघांसाठी दोन वेगळ्या पुल रिक्वेस्ट करा, किंवा त्या दिवसापुरतं साधं मर्ज वापरा, आणि हॅश 'ब' मेनवर उतरल्यावर तिथून उचलून तिसऱ्या कमिटमध्ये लिहा.

पुढे फॉरमॅटरची आवृत्ती वाढवायची वेळ येईल तेव्हा हाच क्रम, छोट्या प्रमाणात: आवृत्ती एका कमिटमध्ये, आउटपुट दुसऱ्यात, हॅश यादीत. डिपेंडन्सीजच्या आवृत्त्या वाढवणाऱ्या डिपेंडाबॉटसारख्या बॉटला फॉरमॅटरची आवृत्ती परस्पर वाढवू देऊ नका. त्याने उघडलेली पुल रिक्वेस्ट फक्त आकडा बदलते, कोड फॉरमॅट करत नाही. मग एक तर तिचंच सीआय पडतं, किंवा ती तपासणी त्या फाईल्सवर चालतच नसेल तर ती हिरवी दिसून मर्ज होते आणि पडतं ते पुढच्या माणसाचं.